तात्पुरती ओळख

टॉवर म्हणजे तसा भला माणूस. ताडमाड उंची आणि नोकरी मोबाइल कंपनीत, त्यामुळे हे नाव त्याला चिकटलं ते चिकटलंच. आईसुद्धा कौतुकाने त्याला टॉवर म्हणायची. आता म्हणत नाही, कारण तो कोण हेच तिला आताशा आठवत नाही.

तेही त्याने एक वेळ सोसलं असतं, पण आई त्याच्या हातचं खाईना. दिवसभर धाकटी बहीण तिच्यापाशी असे. संध्याकाळी बहीण कामाला गेली की टॉवरची पाळी. सूपचा वाडगा आणि पाव घेऊन तो समोर बसायचा आणि म्हणायचा, "आई, मी कोण? सांग बघू." आई टकामका बघायची, मग भिंतीकडे तोंड फिरवून ओठ घट्ट मिटून घ्यायची. तो आणखीच पेटायचा. फोटो दाखव, लहानपणच्या खोड्या सांग, "अगं, मी तुझा मुलगा!" म्हणून घर डोक्यावर घे. तोवर सूप गार. डॉक्टरांनी साफ सांगितलं होतं, वजन असंच उतरत राहिलं तर दवाखान्यात ठेवून नळीने खाऊ घालावं लागेल. ती नळी टॉवरला काही झालं तरी नको होती, आणि म्हणून दुसऱ्या दिवशी तो आणखी जोरात विचारायचा. शिकलेल्या माणसाची अक्कल अशी नेमक्या वेळी रजेवर जाते.

"दादा, तू तिला जेवायला घालतोस की उलटतपासणी घेतोस?" बहीण म्हणाली.

"एकदा ओळखलं ना तिने मला, की खाईल."

अशा डोक्याने कामावर गेलेला माणूस घोळ घालणारच. फोन एखाद्या भागात शिरला की नेटवर्क त्याला एक तात्पुरता नंबर देतं आणि पुढे हवेतून त्याच नंबराने हाक मारतं. भाग बदलला की नवा नंबर. सिमकार्डातला खरा, कायमचा नंबर अगदी अडल्याशिवाय विचारायचा नाही, म्हणजे कोण कुठे फिरतंय हे टपून बसलेल्याला कळत नाही. टॉवरने नवी सेटिंग चढवताना नेमकं उलटं केलं: प्रत्येक फोनला, प्रत्येक वेळी, खरा नंबर विचारा. झालं! बिचारे फोन सारखे आपली ओळख पटवत बसले, कॉल लागेनात आणि तक्रारींची रीघ लागली.

विभागप्रमुख बाई खुर्चीमागे येऊन उभ्या राहिल्या. "अहो टॉवर, चारचौघांत कुणाला खरं नाव विचारत सुटतं का कोणी? ज्या नंबराने हाक मारली त्याला फोनने ओ दिली, की बोलणं होतं. आणखी काय हवंय तुम्हाला?"

त्याने सेटिंग जागेवर आणली. घरी जाताना मात्र बाईंचा प्रश्न त्याची पाठ सोडीना.

संध्याकाळी तो वाडगा घेऊन खोलीत गेला आणि गप्प उभा राहिला. आईने वर पाहिलं.

"नळवाले ना तुम्ही? किती उशीर!"

एरवी त्याने लगेच चूक सुधारली असती. आज जीभ आवरली. "हो, नळवालाच. उशीर झाला खरा." वाडगा ठेवून तो स्वयंपाकघरात गेला, ओट्याखाली उगीच ठाकठूक केली आणि परत आला. "झालं. आता नाही गळणार."

आई खूश झाली. "बसा मग. आमच्याकडे कामाला आलेला माणूस उपाशी जात नाही. मीही घेते थोडं, नाहीतर तुम्हाला एकट्याला अवघडल्यासारखं होईल."

आणि तिने पावाचा तुकडा सूपमध्ये बुडवून तोंडात घातला. मग दुसरा. टॉवरचा जीव भांड्यात पडला.

"घरी कोण कोण असतं?" त्याने नळवाल्याने विचारावं तसं विचारलं.

"मुलगी असते. आणि मुलगा आहे, हा एवढा उंच." तिने हात वर केला. मग तिचा चेहरा पडला. "गुणी आहे हो फार. पण आला की विचारतो, मी कोण. आणि मला सांगता येत नाही."

"मग?"

"मग काय? आईला मुलाचं नाव येऊ नये? लाज वाटते मला. घास उतरत नाही घशाखाली. तोंड मिटून बसते, नाहीतर रडू फुटेल त्याच्यासमोर."

टॉवरला आपलाच राग आला. इतके दिवस आपण आईला रोज नापास करत होतो, आणि तेही जेवणाच्या वेळी. तो म्हणाला, "तो आता नाही विचारणार."

"तुम्हाला काय माहीत?"

"त्याच्याकडचे नळही मीच बघतो. त्यानेच सांगितलं मला."

आईने यावर नीट विचार केला. मग उरलेला पाव त्याच्यापुढे सरकवला. "त्याला एक निरोप द्याल? म्हणावं, नाव नाही आठवत, पण तू आलास की बरं वाटतं. नुसता येऊन बसत जा."

"देतो," टॉवर म्हणाला, आणि तो पाव त्याने खाल्ला. "उद्या येऊ का परत? दिवे बघायचे राहिलेत."

"या की. जेवायच्या वेळेलाच या," असं म्हणून आईने आपला रिकामा वाडगा पुढे केला. "आणखी थोडं आहे का हो?"