कोणाच्या नावाचा हलवा

चिलगोजे तांबूस होईपर्यंत हात थांबवायचा नसतो, म्हणून दारावरची पहिली थाप नेझाहतने कानाआड केली. दुसऱ्या थापेला मात्र गॅस बारीक करून, लाकडी डाव हातात तसाच धरून ती दाराशी गेली.

खालच्या मजल्यावरची हाजेर. एका पायात चप्पल, दुसरा पाय अनवाणी.

"आहेस होय, बाई!" ती चौकटीला टेकली. "रवा भाजल्याचा वास जिन्यातून खाली आला. म्हटलं, गेली की काय ही!"

"मी गेले असते तर रवा कोणी भाजला असता, ताई?"

हाजेर हसायला गेली, पण हसू अर्ध्यावरच राहिलं. "मग कोणाचा हलवा?"

"कोणाचा नाही. मलाच खावासा वाटला."

"टोपभर?"

नेझाहत वळली आणि पुन्हा ढवळू लागली. मेलेल्याच्या नावाने हलवा वाटायचा तर दारोदार नाव सांगावं लागतं. नाव सांगितलं की, तुझा कोण, हे लोक विचारणारच. चाळीस वर्षांपूर्वी दोन महिने बोटात घातलेली, मग त्याच्या आईने परत मागून नेलेली साखरपुड्याची अंगठी. तिला नातं म्हणायचं कसं?

टेबलावर वर्तमानपत्र होतं, घड्या घालून निधनवार्तेच्या एकाच चौकटीवर आणलेलं. निवृत्त स्टेशनमास्तर रिफ्की. खाली पत्नी, तीन मुली, जावई, सात नातवंडं, सगळ्यांची नावं ओळीने. सकाळी नेझाहतने ती यादी दोनदा वाचली होती, एखादं नाव छापायचं राहिलं असावं तशी.

हाजेर त्या चौकटीवर वाकून थोडी रेंगाळली. मग अनवाणी पावलाने शेगडीशी आली.

"दे इकडे. असला हलवा एका हाताचा नसतो."

तिने डाव घेतला. ढवळता ढवळता तिचे ओठ हलू लागले. मध्येच ते थांबले.

"दुआत आईचं नाव घ्यावं लागतं गं. आता त्याच्या आईचं तुला कुठून..."

"दुर्दाने," नेझाहत म्हणाली.

हाजेरने मान वर केली नाही. "दुर्दानेचा मुलगा रिफ्की," ती टोपाकडे बघत पुटपुटली आणि दुआ पुरी केली. मग डाव नेझाहतच्या हातात देऊन ती बाजूला सरली.

"आता तू म्हण."