ओढ्यापलीकडची घरं

राज्याच्या पहिल्या शिरगणतीच्या वह्या स्कॅनिंगसाठी माझ्या टेबलावर आल्या, तेव्हा मी दप्तरखान्यात चांगलंच मिरवून घेतलं. त्यातली एक वही माझ्या आजोबांच्या हातची होती. पंच्याहत्तर वर्षांपूर्वी त्यांनी आमच्या गावातलं घर न् घर मोजलं, असं आम्ही लहानपणापासून ऐकत आलो होतो.

"म्हणजे आज साहेबांची नात कामावर!" बाइंडरदादा सुईत दोरा ओवत हसले. फाटक्या वह्या शिवणारे दादा अकरा वर्षं माझ्या शेजारच्या टेबलावर बसतात.

वळणदार अक्षर. घर एकशे बारा, माणसं सहा. घर एकशे तेरा, माणसं चार. आणि पानाच्या तळाशी, त्याच अक्षरात: 'ओढ्यापलीकडे अंदाजे चाळीस घरे. चिखल फार. गेलो नाही. बेरजेत धरलेली नाहीत.'

मी ती ओळ तीनदा वाचली. त्याच गठ्ठ्यात पुढच्या वर्षीचा कागद होता. साथ आली, लस शिरगणतीबरहुकूम वाटली. ओढ्याअलीकडे मृत्यू दोन. पलीकडचा रकानाच नव्हता.

बाबांना फोन लावून ती ओळ वाचून दाखवली.

"हो गं, आजोबा सांगायचे कधीतरी," बाबा म्हणाले. त्यांना माहीत होतं! "मिटव ती वही. आता कोणाला काय पडलंय?"

मी फोन ठेवला. बाइंडरदादा ओढ्यापलीकडचे. त्यांच्या आजीची पाच भावंडं त्या साथीत एका महिन्यात गेली होती.

मी वही त्यांच्यापुढे ठेवली आणि ओळीवर बोट टेकवलं. त्यांनी चष्मा पुसून वाचलं.

"आजी म्हणायची, लसवाला आमच्याकडे फिरकलाच नाही. आम्हाला वाटायचं, म्हातारी काहीही बोलते." त्यांचा आवाज चिरकला. "सही साहेबांचीच?"

"माझ्या आजोबांची."

त्यांनी चष्मा काढून खिशात ठेवला. मग खुर्ची सारून निघून गेले. दोन दिवस कामावर आले नाहीत.

तिसऱ्या दिवशी उभ्याउभ्याच म्हणाले, "त्या वेळच्या दोन म्हाताऱ्या अजून आहेत. गेलेल्यांची नावं सांगतील. लिहून घेशील?"

रविवारी मी ओढ्यापलीकडे गेले. पहिल्या आजीने सतरा नावं सांगितली आणि मध्येच थांबून विचारलं, "तू कोणाची गं?"

मी सांगितलं. तिने माझ्या हातातल्या पेनाकडे बघितलं.

"लिही," ती म्हणाली.