चौकाखालची फळी

"हरवायला नको गं बाई. सगळ्या एकसारख्याच दिसता."

हा आवाज मी ऐकला तेव्हा माझ्यावर चौक नव्हता, रस्ते नव्हते, स्पंजची झाडे नव्हती. सुताराच्या दुकानात भिंतीला टेकून उभ्या असलेल्या बारा फळ्यांमधली मी एक. आवाजापाठोपाठ माझ्या पोटावर कसलीशी गुदगुली झाली, झाली तशी थांबली, आणि मला फिरवून पुन्हा भिंतीला लावले गेले. एवढेच. एवढ्याशा गुदगुलीने पुढे दोन मैत्रिणींची तोंडे दोन दिशांना फिरतील, असे मला तेव्हा सांगितले असते तर मी हसले असते.

मित्रांनो, मी आता जुनी झाले आहे. कडेचा रंग उडाला, एक कोपरा उंदराने चाखून पाहिला. पण माझ्या पाठीवर अजून एक चौक आहे. शहर कसे असावे याचा विचार करणाऱ्या मुलामुलींची एक स्पर्धा होती, तिच्यासाठी केलेला. तो चौक कसा झाला आणि कसा वाया गेला, तेच तुम्हाला सांगते. सांगताना थोडी संशयाने बोलले तर रागावू नका. इतकी वर्षे अंगावर संशयच वाढवला आहे मी.

माझा सुतार बोलणारा माणूस नव्हता. रंधा मारताना मात्र गुणगुणायचा, तेही आम्हा फळ्यांशीच:

रंधा फिरे मागं-पुढं, उडे लाकडाची साल,
ज्याची फळी त्याच्या घरी, सुखं नांदायाला चाल.

आमच्यातल्या अकरा जणी एका वकिलीणबाईंच्या कपाटाला जायच्या होत्या. बारावी मी. मला सुताराच्या धाकट्या मुलीने मागून घेतले होते. थोरली लग्न होऊन गेली होती. ही धाकटी शहररचना शिकत होती आणि बापाच्या दुकानात येऊन, "बाबा, तुमचं कपाट सरळ आहे, पण तुमचा रस्ता वाकडा आहे," असे सांगायची. सुतार हसायचा आणि दारातला लाकडाचा ढीग पायाने बाजूला सारायचा.

तिची जोडीदारीण होती झिपरी. केस कधी विंचरलेले नसत म्हणून धाकटीने ठेवलेले नाव, आणि तिनेही ते आनंदाने वापरलेले. दोघींनी मला कॉलेजच्या मोठ्या टेबलावर आडवे केले, आणि तीन आठवडे माझ्या पाठीवरून त्यांचे हात हलले नाहीत. पुठ्ठ्याच्या इमारती उभ्या राहिल्या. भांडी घासायचा स्पंज हिरव्या रंगात बुडवून झाडे झाली. तारेची माणसे झाली, प्रत्येकाची मान जराशी वेगळी वाकवलेली.

भांडण झाले ते एका बाकावरून. झिपरीने काड्यापेटीच्या काड्यांचा एक बाक केला आणि ऐन चौकात, रस्ता ओलांडायच्या जागी ठेवला. धाकटीने तो उचलून बाजूला ठेवला. झिपरीने परत ठेवला.

"तुझ्या चौकात माणसं नुसती चालणार. दमणार नाहीत का गं?"

"दमली तर घरी जातील."

"आणि घर लांब असलं तर?"

बाक राहिला. पण त्या दिवसापासून दोघींच्या बोलण्यात बारीकसा खडा आला. कल्पना कुणाची, मेहनत कुणाची, असले शब्द हसत हसत यायला लागले. हसत आलेला शब्द परत जात नाही, हे माझ्या लक्षात आले होते.

आता स्पर्धेचा नियम ऐका, कारण सगळे त्यावरच अडले. चौक कुणी केला हे परीक्षकांना कळता कामा नये. प्रत्येक प्रवेशिकेला फक्त एक आकडा. नाव, सही, खूण, काही सापडले की प्रवेशिका बाद. त्या दोघींनी हा नियम इतका पाळला, की शाळेच्या इमारतीवर "शाळा" लिहावे की नाही याचाही विचार केला.

मला सभागृहात नेले झिपरीने. धाकटी त्या सकाळी नकाशे छापून आणायला गेली होती. सभागृहातल्या शिपायाने सांगितले, आकड्याची चिठ्ठी खालून लावायची. झिपरीने दोन्ही हातांनी मला एका बाजूने उचलून धरले, झाडे घसरू नयेत म्हणून श्वास रोखून. शिपायाने वाकून चिठ्ठी डकवली. खाली जरा जास्तच वेळ थांबला. मग उठला आणि "हं" म्हणाला. त्या "हं"वर मी पुढे कितीतरी दिवस विचार केला.

चौथ्या दिवशी मला परत कॉलेजच्या टेबलावर आणून ठेवले, आणि सोबत पत्र आले. धाकटीने ते टेबलाशी उभ्या उभ्या मोठ्याने वाचले. प्रवेशिकेच्या तळाशी एका स्पर्धकाचा निर्देश करणारा मजकूर आढळल्याने ती बाद करण्यात येत आहे.

एका. मित्रांनो, त्या पत्रातला सगळ्यात छोटा शब्द तोच होता. दोघींचा म्हटले असते तर दोघी मिळून रडल्या असत्या. एका म्हटल्यावर दोघींनी एकमेकींकडे पाहिले.

धाकटी म्हणाली, सभागृहात तूच घेऊन गेलीस. झिपरी म्हणाली, फळी तर तुझ्या घरून आली. धाकटी म्हणाली, बाकावरून तुझ्या मनात होतंच. झिपरीने आपली पट्टी आणि कटर पिशवीत टाकले. मला उलटून पाहायचे दोघींनाही सुचले नाही.

मीही संशय घेतला, खोटे कशाला बोलू? आधी शिपायावर. मग झिपरीवर, कारण मला उचलून धरताना तिने श्वास रोखला होता. मग धाकटीवर, कारण तिला पहिला नंबर हवा होता आणि तो हवा असणे तिच्या बोटांतून मला कळत असे. माझ्या पोटावर काय आहे ते मला दिसत नव्हते. आपले पोट आपल्याला कुठे दिसते?

दुसऱ्या दिवशी झिपरी मला टेम्पोत घालून सुताराच्या दुकानात घेऊन आली. उतरवताना तिने मला खालून पाहिले. बराच वेळ पाहिले. मग सुताराला म्हणाली, "काका, धाकटीला एवढंच सांगा. एकटीचंच नाव लिहायचं होतं, तर आधी बोलायचं."

सुताराने चष्मा पुसला. झिपरी निघून गेली.

मग त्याने मला उलटे केले, अगदी हळू, चौकाला खाली गादी घालून. त्याने पॉलिश पेपर आणला. घासायला लागला. मागे पुढे, मागे पुढे. नेहमीचे गाणे त्या दिवशी नव्हते. आणि त्या घासण्याखाली मला ती जुनी गुदगुली आठवली, नेमकी त्याच जागी, आणि तो आवाजही. हरवायला नको गं बाई.

सुताराच्या दुकानात प्रत्येक फळीवर मालकाचे नाव असते हो. पेन्सिलने, कोपऱ्यात. वकिलीणबाईंची. डॉक्टरांची. शाळेची. नाहीतर एकाची फळी दुसऱ्याच्या कपाटात जाते. माझ्यावर त्याने लिहिले होते, "धाकटीची". सवयीने. मायेने म्हटले तरी चालेल. मॉडेल बनवणारी माणसे फळीची वरची बाजू पाहतात. खालची कोण पाहतो?

मला वाटले, आता सांगेल. धाकटी आली की सांगेल. धाकटी आली, डोळे सुजलेली. दारातूनच म्हणाली, "ज्यानं कुणी हे केलं, बाबा, त्याचं मी आयुष्यात तोंड पाहणार नाही."

सुताराच्या हातातून पॉलिश पेपर पडला. तो त्याने पायाने ढिगाखाली सरकवला.

तिने मला उलटून पाहिले. कोपरा कोरा. "पुसूनही टाकलं तिनं," ती म्हणाली. सुतार रंध्याला धार लावत होता. त्या दिवशी त्याने नको तितकी धार लावली.

तेव्हापासून मी दुकानात वरच्या फळीवर आहे. धाकटी शिकली, नोकरीला लागली, तिचे नाव झाले. झिपरी दुसऱ्या शहरात गेली, एवढे कानावर आले. धाकटी एकटीने कामे करते. कुणाबरोबर भागीदारी करत नाही. कागद दाखवते पण कागदाचा कोपरा सोडत नाही. तिचा हा हात आखडलेला पाहिला की सुतार जेवता जेवता थांबतो. आणि दर दोन-चार महिन्यांनी, दुकान रिकामे असताना, मला खाली उतरवतो. धूळ फुंकतो. काड्यांचा तो बाक सुटलेला असतो, तो गोंदाने पुन्हा चिकटवतो. गेल्या वर्षात दोनदा चिकटवला. बाकाला तेवढी गरज नव्हती.

वस्तूंची काळजी घ्या, असे सांगायची आम्हा जुन्या वस्तूंची पद्धत असते. माझी तर सुताराने हवी त्याहून जास्त घेतली. मी तुम्हाला वेगळे सांगते. कुणाच्या मनात काय आहे याचा तर्क बांधण्याआधी त्याला विचारा. माझ्याभोवती तीन माणसे होती, तिन्ही चांगली, आणि तिघांपैकी एकानेही एक साधा प्रश्न विचारला नाही.

परवा दुपारी धाकटी दुकानात जेवायला आली. आता तिच्या केसांत पांढरे आहे आणि ती स्वतः अशाच एका स्पर्धेची परीक्षक आहे. डबा उघडताना चिडलेली होती. म्हणाली, एका जोडीचे मॉडेल उत्तम आहे, नदीकाठच्या पायऱ्यांचे, पण खाली पेन्सिलने लिहून ठेवले आहे. उद्या बाद करणार. या मुलांना वाटते परीक्षक आंधळे असतात.

सुताराने घास खाली ठेवला. "काय लिहिलंय?"

"'दादाचं' असं. कोपऱ्यात."

"स्वतःला कुणी दादा म्हणून लिहितं का गं?"

धाकटीचा हात डब्यावर थांबला. पंखा तेवढा कुरकुरत होता.

सुतार उठला. गुडघे धरून स्टुलावर चढला, आणि धाकटी "बाबा, पडाल" म्हणेपर्यंत मला छातीशी धरून खाली उतरला. गादी अंथरली. मला उलटे केले. मग तिचा हात धरून तिचे बोट माझ्या कोपऱ्यावर ठेवले, जिथे लाकूड बाकीच्यापेक्षा उजळ आहे आणि जरासे खोल गेले आहे. तिने बोट फिरवले. एकदा, पुन्हा एकदा. सुताराची लेक होती ती. घासलेले लाकूड तिला कळत होते.

"बाबा?"

"तुझी फळी वकिलीणबाईंच्या कपाटात जाऊ नये म्हणून लिहिलं होतं. लिहिलं मी, आणि घासलंही मीच. झिपरीनं बघितलं, तिला वाटलं तू लिहिलंस. मला निरोप दिला, तो मी तुला दिला नाही. त्या पोरीची काही चूक नव्हती, धाकटे. माझं तोंड पाहायचं की नाही, ते तू ठरव. पण आधी तिला फोन लाव."