भडक्याचं शेवटचं चित्र

भडक्याला मरायला अकरा सेकंद दिले होते आणि त्यासाठी एकच चित्र लागणार होतं. ते चित्र काकांना स्वतःच्या हाताने काढायचं होतं. गोष्ट एवढीच आहे, पण ती एवढीशी नाही.

आधी भडक्या कोण ते सांगायला हवं. ज्यांच्या घरात शाळेत जाणारं पोर नाही त्यांना तो माहीत असायचं काही कारण नाही. भुताखेतांशी लढणाऱ्या पाच जणांच्या टोळीची ती ॲनिमे, म्हणजे जपानी धाटणीची कार्टून मालिका. नायक वेगळाच होता, पांढऱ्या केसांचा, थंड डोक्याचा, तोलूनमापून बोलणारा. भडक्या त्याचा साथीदार. राग कायम नाकावर, आधी हात मग बात, आणि मुठी आवळल्या की त्यातून निळा जाळ. भूत दिसलं की बाकीचे चौघे मसलत करायला बसत, आणि मसलत संपेपर्यंत हा भिंत फोडून आत गेलेला असे. नायकाला तो प्रत्येक भागात शिव्या घालायचा आणि प्रत्येक भागात त्याच्या वाटचा मार खायचा. सगळे सुटले की दारात शेवटी उभा राहणारा हाच. पोरांना नायक आवडायचा म्हणे, पण भांडणात पोरं व्हायची भडक्या.

त्याला पहिल्या भागापासून काढणारे काकाही त्याच मातीचे. सात वर्षांत त्यांनी दोन खुर्च्या, एक टेलिफोन आणि एका निर्मात्याची मनःशांती मोडली होती. निर्माता दिग्दर्शकाला सगळ्यांसमोर वाटेल ते बोलला, तेव्हा काकांनी शाईची बाटली उचलली होती. बाटली भिंतीवर फुटली. तो डाग अजून आहे, त्यावर आता सुट्ट्यांचं कॅलेंडर टांगलंय. दिग्दर्शक आणि काका तरुणपणी एकाच टेबलावर समोरासमोर बसून शिकलेले. एक पुढे गेला, सगळ्यांचा 'सर' झाला. दुसरा टेबलावरच राहिला आणि पुढे गेलेल्याच्या पाठीशी उभा राहिला. काकांना यात काही गैर वाटलं नाही. कुणीतरी दारात उभं राहावंच लागतं.

आता थोडं कामाचं. पडद्यावर सेकंदाला चोवीस फ्रेम जातात. माणूस धावत असेल तर ढीगभर चित्रं लागतात. नुसता उभा असेल तरी तीन लागतात. तीच आकृती तीन कागदांवर गिरवायची आणि आळीपाळीने दाखवायची, म्हणजे रेघ किंचित हलते आणि माणूस श्वास घेतोय असं वाटतं. मेलेल्याला मात्र एकच चित्र पुरतं. ते लावायचं आणि तसंच ठेवायचं.

काकांचा उजवा हात दुसऱ्या सीझनच्या मध्यावर हलायला लागला. आधी करंगळी, मग अंगठा. हात दाखवून अवलक्षण कशाला, असं म्हणत त्यांनी वर्षभर डॉक्टरचं तोंड पाहिलं नाही. पाहिलं तेव्हा डॉक्टर म्हणाले, कंपवात. गोळ्या दिल्या आणि हा मागे फिरणारा आजार नाही हेही सांगितलं. घरी बायकोने चहाचा कप अर्धाच भरायला सुरुवात केली. शर्टाची बटणं तीच लावू लागली. एवढ्यावर दोघांचं त्या विषयावरचं बोलणं संपलं.

पण इकडे वेगळीच गंमत झाली. थरथरत्या हाताने काढलेला भडक्या पडद्यावर रागाने थरथरू लागला. त्याच्या खांद्यांची रेघ जागेवर ठरेना, मुठी उकळत्या पातेल्यासारख्या दिसू लागल्या. लोक वेडे झाले. अशी जिवंत रेघ आणतात कुठून, असं विचारणारी पत्रं आली. दिग्दर्शकाने फतवा काढला की मालिकेत भडक्याला काकांशिवाय कुणी हात लावायचा नाही. बाकीची पात्रं हळूहळू काकांच्या टेबलावरून गेली. कुणी बोललं नाही, पण काकांना कळत होतं. या हाताने आता जगात एकच माणूस काढता येत होता.

आणि तो माणूस आता मरणार होता.

पटकथा हातात पडली तशी काकांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. दार न वाजवता ते दिग्दर्शकाच्या खोलीत शिरले.

"नायक वाचतो, ती दाढीवाली म्हातारी वाचते, ते बोलणारं मांजरसुद्धा वाचतं. मरतो कोण, तर भडक्या. सात वर्षं राबला तुझ्यासाठी, आणि तू त्याला असा वाऱ्यावर सोडतोस?"

"चॅनेलला मालिका संपवायचीय. शेवट लक्षात राहणारा हवाय त्यांना."

"मग मांजर मार. लोक आठवडाभर रडतील."

दिग्दर्शक हसला नाही. उठून त्याने दार लावलं. "एक सांगू? भडक्या दुसऱ्या सीझनच्या शेवटीच मरणार होता. तसं लिहून झालं होतं."

"मग?"

"मग तुझा हात हलायला लागला."

काकांनी उजवा हात खिशात घातला. तीन वर्षं तो याच खिशात लपवला होता, मीटिंगमध्ये, कॅन्टीनमध्ये, जिन्यात. ज्याच्यापासून लपवला त्याने तो पहिल्याच दिवशी पाहिला होता. पाहून एका कागदी माणसाला दोन सीझन जगवलं होतं. आणि आपण आत्ता याला काय काय बोललो, हे आठवून काकांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"नवी मालिका येतेय ना," ते म्हणाले.

"सगळी कॉम्प्युटरवर. रेघ सरळ लागते रे." दिग्दर्शक टेबलाकडे बघून बोलत होता. "मी विचारलं तिथे. दोनदा विचारलं."

काकांनी एकच मागितलं. शेवटचं चित्र. पहिलं मी काढलं, शेवटचंही मीच काढणार. दिग्दर्शकाने शुक्रवार दुपारपर्यंत वेळ दिला. नाही जमलं तर कॉम्प्युटर विभागातला कुणीतरी काढेल. तिथला भडक्या काकांनी एकदा जाहिरातीत पाहिला होता. तो इस्त्री करून ठेवल्यासारखा दिसत होता.

मंगळवारी काका कामाला लागले. पडलेला भडक्या, एक हात दाराच्या उंबरठ्यावर, डोळे मिटलेले. सोपं चित्र. शिकाऊ असताना त्यांनी असली चित्रं गप्पा मारता मारता काढली होती. पण मेलेल्या माणसाची रेघ शांत लागते, आणि शांतता सोडून काकांच्या हातात सगळं होतं. डाव्या हाताने उजवं मनगट धरून पाहिलं. बायकोची ओढणी आणून मनगट टेबलाला बांधून पाहिलं. गोळी घेतल्यावर तासभर हात जरा बरा असतो, म्हणून गोळीची वेळ बदलून पाहिली. काढलेलं प्रत्येक चित्र ते चेकरकडे नेत.

चेकर म्हणजे समोरच्या टेबलावरची चाळिशीची बाई. प्रत्येक कागद आधी तिच्या नजरेखालून जायचा. मोजकं बोलायची, आणि जे बोलायची ते खोडून काढता यायचं नाही. तिने पहिलं चित्र कॅमेऱ्याखाली लावलं आणि अकरा सेकंद चालवून पाहिलं.

"काका, हा मेलेला नाही. दचकलाय."

दुसऱ्याला ती म्हणाली, "याला थंडी वाजतेय." नवव्याला म्हणाली, "हा झोपेचं सोंग घेतोय." बुधवारी संध्याकाळपर्यंत सव्वीस भडके केराच्या टोपलीत पडले होते आणि त्यांतला एकही मेलेला नव्हता.

"मरत नाही लेकाचा," काका म्हणाले. म्हणताना त्यांना हसू आलं, आणि मग आलं नाही.

गुरुवारी एकेचाळिसाव्या चित्रावर त्यांचा तोल गेला. "तू काय त्याची डॉक्टर आहेस? नाडी बघून आलीस?"

"मग खोटं सांगू का?"

"सांग."

"सांगितलं असतं हो. पण अकरा सेकंद आहेत. अकरा सेकंद लोक दुसरीकडे कुठे बघणार?"

काकांनी कागदाचा बोळा केला, फेकला, तो टोपलीबाहेर पडला. वाकून उचलायला गेले तर बोटांत येईना. चेकरने उठून उचलला आणि टोपलीत टाकला. काकांना वाटलं, हिने निदान भांडायला तरी हवं होतं. भांडणात ते अजून कुणाला हार गेले नव्हते.

शुक्रवारी सकाळी चेकर माळ्यावरच्या खोलीतून एक पिवळा पडलेला लिफाफा घेऊन आली. कपड्यांना धूळ लागली होती. "पहिला सीझन, सातवा भाग," ती म्हणाली. "टोळी रात्रभर जागते आणि हा एकटा झोपतो, आठवतंय? घोरतो म्हणून मांजर त्याच्या नाकावर बसतं."

तिने तीन कागद उजेडाच्या काचेवर ठेवले. भडक्या झोपलेला. खांद्यापासून कमरेपर्यंत एकच रेघ, पेन्सिल कुठे थांबलेली नाही, कुठे अडलेली नाही.

"हे कुणी काढलंय?" काकांनी विचारलं.

चेकरने त्यांच्याकडे पाहिलं आणि लगेच मान खाली घातली. काकांनाही कळलं. पण कळायला क्षण गेला होता, आणि तो क्षण आता परत घेता येत नव्हता. सात वर्षांपूर्वीची ती रेघ ते परक्याच्या अंगणात डोकावावं तशी बघत राहिले. त्यावर बोट फिरवायला गेले आणि हात मागे घेतला. कागद चुरगळला असता.

"जखम आणि उंबरठा रंगवणारे घालतील," चेकर म्हणाली. "मांजराचा कागद वेगळाच आहे, तो काढून टाकू. पण तीनातला कुठला घ्यायचा?"

पहिल्या कागदावर छाती भरलेली होती, दुसऱ्यावर अर्धी, तिसऱ्यावर उतरलेली. तीन मिळून एक श्वास होत होता. काकांनी पहिला कागद उचलला, मग दुसरा, आणि दोन्ही लिफाफ्यात परत घातले. लिफाफ्याचं तोंड दुमडायला त्यांना बराच वेळ लागला. चेकर थांबली.

"तिसरा," ते म्हणाले. "श्वास सोडलेला."

दुपारी दिग्दर्शक आला. छोट्या पडद्यावर अकरा सेकंद चालले. भडक्या उंबरठ्यावर पडला होता आणि त्याच्यातलं काहीही हलत नव्हतं.

"तूच काढलंस शेवटी," दिग्दर्शक म्हणाला.

"काढलं होतं एकाने," काका म्हणाले. "चांगला हात होता त्याचा."

दिग्दर्शकाने त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. खांदा हलत होता, म्हणून मग त्याने तो जरा दाबून धरला. तरी हलायचा थांबला नाही.

मग उरलं ते टायमिंग शीट. कुठलं चित्र किती फ्रेम ठेवायचं हे कॅमेऱ्याला सांगणारा तो उभ्या रकान्यांचा कागद. सुरुवातीला चित्राचा नंबर लिहायचा आणि चित्र जिथपर्यंत तसंच राहणार तिथपर्यंत खाली एक सरळ रेघ ओढायची. अकरा सेकंद म्हणजे दोन पानं भरून रेघ. चेकरने शीट पुढे केलं आणि त्यावर फूटपट्टी ठेवली.

काकांनी फूटपट्टी बाजूला सारली. नंबर लिहिला, तीन. पेन्सिल टेकवली आणि खाली ओढायला लागले. रेघ डावीकडे गेली, उजवीकडे आली, रकान्याच्या भिंतींना धडका देत, रागावल्यासारखी पान संपेपर्यंत गेली आणि दुसऱ्या पानावर तशीच उतरली. शेवटच्या चौकटीत काकांनी पेन्सिल उचलली, डबीत ठेवली आणि खुर्चीच्या पाठीवरचा कोट घेतला.

असलं शीट चेकर नेहमी परत पाठवायची. तिने दोन्ही पानं वरपासून खालपर्यंत पाहिली. मग कोपऱ्यात 'तपासलं' असं लिहून सही केली.