गोधड्यांच्या चवडीमागची भिंत

मी घनसावंगीतल्या नागसेन सरांच्या घराची जुनी उत्तर भिंत आहे, आणि मित्रांनो, आज मला इतका आनंद झाला आहे की माझ्या विटा जागेवर राहिल्या तर नवल!

बावीस वर्षांपूर्वी बदरोद्दीन मिस्त्रींनी मला रचले. सरांच्या पत्नी कौसल्याबाईंनी लेकीला, पायलला, कडेवर घेऊन एकवीस दिवस माझ्यावर पाणी मारले. पुढे मला टेकून लोखंडी पेटी आली आणि पेटीवर त्यांनी शिवलेल्या गोधड्यांची चवड. दरवर्षी भादव्याचे ऊन पडले की त्या चवड उतरवायच्या, पेटी ओढायच्या आणि मला चुन्याचा हात द्यायच्या. पाहुणे म्हणत, "भिंत हाय का दूध!" मला कोण अभिमान वाटायचा!

दोन वर्षांपूर्वी कौसल्याबाई गेल्या. सर म्हणाले, "चवडीला हात लावायचा न्हाई. तिनं रचली तशी राहू द्या."

दोन पावसाळे गेले. छताची पन्हाळ फुटली आणि तिची धार बाहेरून माझ्यावर पडू लागली. गोधड्यांमागे ना वारा, ना ऊन. आधी काळे ठिपके आले, मग हिरवट बुरशी पसरली. सरांनी दिसत होते तेवढ्यावर ऑइलपेंट फासला. ओल आत कोंडली, रंगाला फोड आले. सर माझ्याशीच उशी लावून निजत. त्यांचा खोकला वाढत गेला, आणि मला तोंड नव्हते.

पंधरा दिवसांपूर्वी पायल आली. खोकला ऐकताच तिने मिस्त्रींना बोलावले. म्हाताऱ्या मिस्त्रींनी मला बोटाने ठोकून पाहिले.

"सर, लोक कोंबड्या पाळतेत. तुम्ही तर बुरशी पाळून राह्यले!"

"चवड हलणार न्हाई," सर म्हणाले. "पायल, तू आईला विसरलीस का?"

"न्हाई पप्पा. पण आई असती तर ह्या गोधड्या आज उन्हात असत्या."

सरांनी सगळ्यात खालच्या गोधडीचा कोपरा ओढला. तो काळा पडला होता आणि हातात तुटून आला. सर त्याकडे बघत राहिले.

"धर ते टोक," ते एकदम म्हणाले. "जल्दी!"

"आधी नाकाला रुमाल बांधा," मिस्त्री ओरडले. "कोरडं घासलं की बुरशी घरभर उडती!"

मग काय धमाल उडाली! मिस्त्रींनी आधी पन्हाळ बदलली. मला भिजवून साबणाच्या पाण्याने घासले, रंगाची पोपडी खरवडली. आठ दिवस खिडक्या सताड उघड्या! गोधड्या गरम पाण्यात धुऊन उन्हात पडल्या. एक गेली, बाकी वाचल्या.

आज मी खडखडीत वाळले, तेव्हा सरांनी जन्मात पहिल्यांदा कुंचा धरला. चुना माझ्यावर कमी, त्यांच्या मिशीवर जास्त!

"पप्पा, आई असं न्हाई मारायची," पायल हसली.

"मंग कसं मारायची? सांग की."

आणि पायल सांगू लागली. दोन वर्षांत या घरात कौसल्याबाईंचे नाव इतक्या वेळा कुणी घेतले नव्हते.

मित्रांनो, भिंतीची ओल रंगाने झाकू नका, पाणी कुठून येते ते शोधा. आणि घरात ज्या वस्तूला हात लावायचा धीर होत नाही, ती एकदा हलवून पाहा. परत ठेवताना भिंतीपासून वीतभर पुढे ठेवा. तेवढा वारा आम्हाला पुरतो.