सहाच वाट्या

खडकीच्या विहारात बाबुराव बौद्धाचार्य होते. वस्तीतली लग्नं, नामकरणं, अंत्यविधी सगळं त्यांच्याच हातचं. पण लोकांना ते आवडायचे गोष्टींसाठी. वंदना आटोपली की एक गोष्ट बुद्धांची आणि एक हसवायची, हा त्यांचा शिरस्ता. एकदा सुरू झाले की थांबवणं कुणाच्या बापाला जमायचं नाही.

वैशाख पौर्णिमेच्या खीरदानाला तर जोडी ठरलेली. आधी बुद्धांना खीर देणारी सुजाता, मग त्यांची स्वतःची बायको. लग्नानंतरच्या पहिल्याच पौर्णिमेला नंदाने खिरीत साखरेऐवजी मीठ घातलं, आणि पंधरा जणांनी ती निमूट गिळली. दर वर्षी गोष्टीतली माणसं वाढायची. पंधराची तीस, तिसाची साठ. मग दाराजवळच्या सतरंजीवरून नंदाचा खणखणीत आवाज यायचा, "अहो, सहाच वाट्या होत्या." खरं हसू फुटायचं ते तेव्हा. चाळीस वर्षं हे असंच चाललं.

गेल्या भाद्रपदात नंदा गेली. तेव्हापासून बाबुराव वंदना घ्यायचे आणि चपला घालून घरी जायचे. आज वैशाख पौर्णिमेला मुलगी चैतालीने पातेलंभर खीर करून आणली आणि बाबांना विनवलं, आज तरी सांगा. ते उभे राहिले. सुजातेची गोष्ट नीट पार पडली.

"नंदाची ती खारट खीर शंभर जणांनी खाल्ली," ते म्हणाले, आणि नेहमीच्या जागी थांबले. लोक हसले. बाबुरावांची नजर दाराकडे गेली.

"दोनशे." थोडे हसले.

"पाचशे." आता कुणीच हसलं नाही. बाबुरावांना हसू नकोच होतं. दाराजवळून कुणीतरी आपल्याला खोटं पाडावं, एवढ्यासाठी त्यांचा जीव तुटत होता.

चैताली उठायला लागली. त्यांनी हातानेच तिला बसवलं.

"सहाच वाट्या होत्या," ते म्हणाले. "आणि मीठ तिनं नव्हतं घातलं. ती वंदनेला बसली होती. पातेल्यापाशी मी होतो."

चाळीस वर्षं नंदाने आकडा तेवढा दुरुस्त केला होता, हे एकदाही नाही.

बाबुराव जाऊन तिच्या जागेवर बसले. चैतालीने वाटी भरून त्यांच्या हातात दिली. खीर गोड होती.