दुसरं क्रिस्टल

बाहेरचा गोंगाट अडवायला सहनाने रिसीव्हरवर तिसरा पत्र्याचा डबा बसवला, हेडफोन कानाला लावले आणि काढून टेबलावर आपटले. शिट्टी तिथंच होती.

लष्कर मोहल्ल्यातल्या त्या माडीवर तिने एकाच स्वस्त चिपवर सगळा रिसीव्हर उभा केला होता. चिपमध्ये एक ऑसिलेटर. त्याच्या फ्रिक्वेन्सीला दोनाने, चाराने, आठाने भागत गेलं की खालच्या सगळ्या मिळत. वेगवेगळे महाग ऑसिलेटर नकोत. त्याला ताळ्यावर ठेवायला एक क्रिस्टल, बस. पण नंजनगूडच्या कारखान्याला जी फ्रिक्वेन्सी हवी, नेमकी तिच्यावर बारीक शिट्टी वाजे. आज चारपर्यंत ती गेली नाही तर बाहेरून तयार मॉड्यूल घेऊ, तुझं डिझाइन बंद, असं तिचे वरिष्ठ नरसिंहमूर्ती सरांनी सकाळी शांतपणे सांगितलं होतं.

तीन आठवड्यांत तिने वीजपुरवठा बदलला, तारा बदलल्या, खालच्या वेल्डिंगवाल्याला दोनदा काम थांबवायला लावलं. तो आता जिन्यात भेटला की मान फिरवी.

दुपारी मानाजीराव काका जेवणाचा डबा घेऊन आले. जन्मभर कापडावर ठसे उमटवलेला माणूस. पत्र्याकडे बघून म्हणाले, "सुम्ने, उगीच डब्यावर डबे काय घालतीस? शिट्टी जागा बदलती काय?"

"नाही, काका. त्याच जागी. क्रिस्टलच्या पटीच्या अगदी जवळ."

"मग बाहेरची न्हवं ती, तुझीच. आमचा ठसा उमटवत गेलं की दोन ठशांमधला जोड ठरल्या अंतरावर यायचा. पदरावर उघडा पडला तर दुसऱ्या मापाचा ठसा घ्यायचो, जोड सरकायचा. तुझ्याकडं एकच ठसा हाय काय?"

सहनाने डबे उचलून बाजूला ठेवले. बोर्डाच्या कोपऱ्यात एक रिकामी जागा होती. पहिल्या बोर्डावर तिथं वेगळ्या फ्रिक्वेन्सीचं दुसरं क्रिस्टल होतं.

तिने खणातून ते काढलं, डाग दिला, प्रोग्रॅममध्ये चार ओळी घातल्या: या फ्रिक्वेन्सीवर आलं की दुसरं क्रिस्टल वापर. साडेतीनला शिट्टी गेली, हेडफोनमध्ये नुसती खरखर उरली.

सरांनी ऐकलं, समाधानाने मान हलवली, आणि मग विचारलं की ते क्रिस्टल मुळात काढलं कुणी. सहनाने बदलांची वही पुढे सरकवली. तिच्याच नेटक्या अक्षरात लिहिलेलं होतं: दुसरं क्रिस्टल काढलं. गरज नाही.

खाली वेल्डिंग पुन्हा सुरू झालं. दोनदा उगाच थांबवलेल्या त्या माणसाकडे जाऊन काय सांगायचं, हे तिला सुचेना.